काट्यांच्या आडोशाला

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि सुट्ट्यांमध्ये मुलांना घेऊन डोंगर हिंडले, एवढंच माझं भांडवल. इराणच्या एल्बुर्झ पर्वतात पहिल्यांदा गेले ती दमावंद चढणाऱ्या पुण्याच्या मंडळींसोबत. दमावंद म्हणजे ५,६१० मीटर उंचीचा, आशियातला सर्वांत उंच ज्वालामुखी. माथ्याजवळ अजून गंधकाचा धूर निघतो आणि आपल्याकडच्या गिर्यारोहकांना त्याचं चांगलंच वेड आहे. मला भुरळ पडली ती खालच्या, अडीच ते साडेतीन हजार मीटरच्या पट्ट्याची. बाकीचे तिथून मान खाली घालून भराभर वर निघतात. त्या पट्ट्यात काटेरी उश्या वाढतात: गोल, घट्ट, जमिनीला चिकटलेली झुडपं, नजर जाईल तिथवर. पुढे तेहरानच्या डोक्यावरच्या तोचालला, लार खोऱ्यात आणि झाग्रोस पर्वतातही त्यांच्यामागे फिरले. त्या फिरण्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते.

१.

झुडूप बघण्याआधी पाऊस कुठून येतो ते बघावं. तेहरानहून चालूसच्या रस्त्यानं कॅस्पियन समुद्राकडे निघालं की कंदवानच्या बोगद्यापर्यंत डोंगर तपकिरी आणि उघडे. बोगद्यातून पलीकडे पडलात की धुकं, हिरवळ, आणि आणखी खाली हिर्केनियन जंगलं, जी २०१९ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. ताम्हिणीतून निघून बारामतीला पोचलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. समुद्राचं बाष्प उत्तरेच्या उतारावर रिकामं होतं आणि दक्षिणेच्या वाट्याला हिवाळ्यातलं बर्फ व वसंतातल्या चार सरी येतात. तेहरानला वर्षाकाठी जेमतेम अडीचशे मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात एवढा पाऊस जुलैच्या एका दिवसात झालेला आहे.

पण सह्याद्रीशी साम्य इथेच संपतं. आपली झाडंझुडपं पावसाळ्यात वाढून घेतात आणि उन्हाळा कसाबसा काढतात. एल्बुर्झमध्ये थंडीत पाणी असतं, पण ते गोठलेलं. बर्फ वितळून ऊब आली की आभाळ बंद. वाढायचे दिवस आणि तहानेचे दिवस तिथे एकाच वेळी येतात. त्यात उतारावरून अखंड वारा. गोल आणि बुटकं राहण्याचं कारण या एवढ्यात आलं.

२.

उतारावर तोल गेला तर हात झुडपाकडे नेऊ नये, बसकण मारावी. करवंदीच्या जाळीत वाढलेल्या आमच्या मुलांना काट्यांची भीती नसते, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. करवंदीचा काटा एकेक करून काढता येतो. इथला हातात शिरला की टोकं मोडून आतच राहतात आणि संध्याकाळ भिंग व चिमटा घेऊन जाते. बागकामाचे चामडी हातमोजे न्यावेत. फुगवायची गादी अजिबात नेऊ नये, फोमची न्यावी.

३.

एखादी उशी निवडावी, वारा अडेल असं बसावं आणि तिच्याकडे नीट बघावं. मी वर्गात फळ्यावर अर्धगोल काढून शिकवायचे, ते तिथे समोर वाढलेलं असतं. आत असंख्य फांद्या, एकमेकींना इतक्या खेटून की बोट जात नाही. हिरवी पानं फक्त वरच्या थरात, काही सेंटीमीटर. त्याखाली वर्षानुवर्षांची वाळकी पानं तशीच अडकलेली. वारा वरून घसरून जातो, आत शिरत नाही. त्याच्यासोबत आलेली माती मात्र आत पडून राहते. म्हणजे ज्या उतारावर माती टिकत नाही तिथे हे झुडूप स्वतःपुरती माती साठवतं आणि त्या मातीत ओल धरून ठेवतं. अर्धगोलाला आकाराच्या मानानं पृष्ठभाग कमी, म्हणून पाणीही कमी उडतं. उन्हात उशीचं अंग भोवतालच्या हवेपेक्षा चांगलंच उबदार लागतं. साडेतीन हजार मीटरवर ही ऊब म्हणजे वाढीचे जास्तीचे दिवस.

गंमत अशी की हा आकार एका कुळाची मिरासदारी नाही. एल्बुर्झमध्ये तीन उश्या शेजारी शेजारी भेटतात. पहिली गवन, म्हणजे अ‍ॅस्ट्रागॅलस. सपुष्प वनस्पतींमधली ही सर्वांत मोठी प्रजाती. तिच्यात तीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या शेकडो एकट्या इराणात. दुसरी ओनोब्रिकिस कॉर्नुटा, जूनमध्ये गुलाबी-जांभळ्या फुलांनी झाकून जाते. या दोन्ही हरभऱ्याच्या कुळातल्या. तिसरी अकँथोलिमॉन, तिला इराणी लोक मीर हसनची टोपी म्हणतात, आणि ती आपल्या चित्रकाच्या कुळातली. नात्यानं इतक्या लांबच्या, पण दहा पावलांवरून फरक कळत नाही. स्पेनच्या सिएरा नेवाडात, सिसिलीच्या एटना ज्वालामुखीवर, क्रीट बेटाच्या डोंगरांवर, अ‍ॅटलासमध्ये, तुर्कस्तानच्या टॉरस पर्वतात हेच रूप दिसतं. आपल्या लडाखपर्यंत अकँथोलिमॉनची एक जात येऊन पोचली आहे. लेहला जाऊन मठ बघणाऱ्या मंडळींपैकी तिच्यासाठी कुणी वाकल्याचं माझ्या बघण्यात नाही.

४.

काटा कशाचा आहे ते भिंगातून बघावं. गवनाचं पान चिंचेसारखं संयुक्त: मधे दांडा, दोन्ही बाजूंना पर्णिका. उन्हाळा चढला की पर्णिका गळतात आणि दांडा कडक होऊन वर्षानुवर्षं जागेवर राहतो. तोच काटा. ओनोब्रिकिसचे काटे म्हणजे जुन्या फुलोऱ्यांचे वाळलेले दांडे. अकँथोलिमॉनमध्ये पानच सुईसारखं. म्हणजे वेगळा काटा कुणीच बनवत नाही, काम संपलेला अवयव टाकून न देता तो पहाऱ्यावर ठेवतात. शेवग्याचे देठसुद्धा आमटीत घालणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला हे फार आवडलं.

५.

उशीच्या पोटात काय वाढतंय ते मोजावं. हे मी प्रत्येक गटाला करायला लावते: एका उशीच्या आतली रोपं मोजा, मग शेजारच्या तेवढ्याच उघड्या जमिनीवरची मोजा. उघड्यावर खडी आणि एखाददुसरं चिवट रोप. उशीत गवताची पाती, आविशान म्हणजे रानओव्याच्या जातीची सुगंधी वनस्पती, नाजूक कंद, कधी रानट्यूलिपही डोकं वर काढतो. बी वाऱ्यानं येऊन अडकतं, माती आणि ओल तयार असते, आणि मेंढीचं तोंड आत शिरत नाही. मेंढ्या येऊन गेल्यावर तर डोंगरावरचं खाण्याजोगं सगळं गवत फक्त उश्यांच्या आत उरलेलं दिसतं. पुढच्या वर्षीचं बी तिथूनच पडणार असतं.

हे एकतर्फी पुण्य आहे असंही समजू नये. आत वाढणारा पाहुणा पाणी पितोच. काही जुन्या उश्यांच्या मधोमध गवतानं मुसंडी मारलेली असते आणि मूळ झुडूप कडेला कंकणासारखं उरलेलं असतं.

६.

उशीखाली हात घालू नये. लार खोरं हे एका विषारी सापाचं घर आहे, घोणशीच्या कुळातला, १९६७ साली शास्त्राला नव्यानं कळलेला. रझी संस्थेतले सर्पतज्ज्ञ महमूद लतीफी यांचं नाव त्याला दिलं आहे. लार धरणाच्या पाण्यात खोऱ्याचा तळ बुडाला तेव्हा त्याच्या वस्तीचा काही भागही गेला. दुपारी उन्हानं दगड तापले की साप, सरडे, उंदीर सगळेच काट्यांखाली जातात. आमच्या वाटाड्याची सवय होती: बसण्याआधी काठी आपटायची, दोन क्षण थांबायचं, मग पाठपिशवी ठेवायची. आता मी सिंहगडावरही तसंच करते आणि लोक हसतात.

७.

मेंढपाळाला दोष देण्याआधी त्याचा चहा प्यावा. लारच्या खोऱ्यात उन्हाळ्यात संगसरी मेंढपाळ कळप घेऊन येतात, त्यांच्या कितीतरी पिढ्या येत आल्या आहेत. शहरातली शिकलेली माणसं हमखास सांगतात की हे डोंगर मेंढ्यांनी खाऊन बोडके केले म्हणून काटे माजले. यात अर्धं खरं आहे. चराई वाढली की गोड गवत संपतं, काटेरी झुडपांना जागा मिळते, गावाजवळच्या खालच्या उतारांवर ते डोळ्यांना दिसतं. पण झाडांची रेषा जिथे संपते त्याच्या वर, जिथे मेंढरू क्वचित पोचतं अशा कड्यांवरही उश्या आहेतच. तिथे त्यांना वारा, बर्फ आणि दुष्काळ घडवतात. एकाच झुडपाकडे बघून दोन्ही गोष्टी सांगता यायला हव्यात. ज्याला एकच कारण पुरतं त्याच्याशी मी वाद घालत नाही, त्याला वर घेऊन जाते.

तंबूत बसले होते तेव्हा एका म्हाताऱ्या खानुमनं, म्हणजे आपल्या भाषेत बाईसाहेबांनी, मला एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. तिच्या सासरी कडक हिवाळ्यात गवन खणून आणायचे, विस्तवावर फिरवून काटे होरपळून काढायचे आणि कुटून जनावरांना घालायचे. काटे गेले की झुडूप पौष्टिकच, अखेर हरभऱ्याच्या कुळातलं. पण खणून काढलेलं गवन पुन्हा येत नाही, हेही तिनंच सांगितलं. तिच्या हिशेबात तो दुष्काळातला अखेरचा उपाय होता, रोजचा चारा नव्हे.

८.

डोंगरावर चहासाठी गवन पेटवू नये, आणि कुणी पेटवत असेल तर आपला स्टोव्ह पुढे करावा. आतला वाळका भरणा काडी लावताच भडकतो, म्हणून थंडीनं काकडलेल्याला तो मोह होतो. दहा मिनिटांचा जाळ. त्या जागी तेवढी उशी परत व्हायला काही दशकं लागतात, कारण या उंचीवर झुडूप वर्षाला बोटाच्या पेरापेक्षाही कमी वाढतं. आणि मूळ मेलं की त्यानं धरलेली खडी पहिल्या वितळत्या बर्फाबरोबर खाली येते. आपल्याकडे स्पितीत, लडाखमध्ये कॅरागानाची काटेरी झुडपं याच कामासाठी उपटली जातात. तिथल्या घरांना चुलीसाठी दुसरं फार काही नसतं, त्यांना उपदेश करायला माझी जीभ वळत नाही. गॅसची डबी पाठीवर असणाऱ्या गिर्यारोहकाला मात्र मी बोलते.

तेहरानचे लोक शुक्रवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, दरबंदहून शीरपलाच्या निवाऱ्यापर्यंत झुंडीनं चढतात. वाटेत प्रत्येक जण प्रत्येकाला “खस्ते नबाशीद” म्हणतो, थकू नका. त्यातल्या कित्येकांना शफीई कदकनी यांची ती कविता पाठ असते ज्यात गवन आणि झुळूक यांचं बोलणं आहे: एक मुळाशी बांधलेलं, दुसरी निघालेली. ती कविता म्हणत म्हणत त्याच गवनावर सिगारेट विझवणारा एक गृहस्थ मी पाहिला आहे. आपणही वडाला सूत गुंडाळायला त्याच्या फांद्या तोडून घरी आणतोच.

९.

जायचं असेल तर जूनमध्ये जावं. त्या महिन्यात दमावंदच्या खालच्या उतारांवर लाल पॉपी फुलतात, सगळे त्यांचेच फोटो काढतात, आणि त्याच वेळी त्यांच्या वरच्या बाजूला ओनोब्रिकिस फुललेला असतो. मधमाश्यांच्या पेट्या घेऊन मधपाळही तेव्हा वर येतात. लारीजानचा मध प्रसिद्ध आहे, तो महाग मिळतो आणि त्या किमतीला शोभतो. जुलै-ऑगस्टमध्ये शिखर सोपं, पण फुलं उतरलेली.

१०.

‘ओसाड’ हा शब्द नकाशावर लिहिताना हात आखडावा. एल्बुर्झच्या उतारांकडे बघून “इथे झाडं का लावत नाहीत?” असं आमच्या प्रत्येक गटात कुणीतरी विचारतं. प्रश्न चांगल्या मनातून येतो, म्हणून त्याचा जास्त राग येतो. झाड लावायचं तर खड्डा खणायचा, म्हणजे उशी काढायची. पाणी घालायचं, ते आणणार कुठून? आणि इतक्या उंचीवर रोप जगलं नाही की डोंगर खरोखरच उघडा पडतो.

आपल्याकडे हा उद्योग झालेला आहे. सह्याद्रीतल्या जांभ्याच्या सड्यांना सरकारी भाषेत पडीक म्हणण्याची पद्धत जुनी. भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशांत झुडपी रानं आणि उघडे खडक एकाच खात्यात जातात. कासचं पठार फुलांमुळे जगाच्या नजरेत आलं, २०१२ साली पश्चिम घाटाच्या वारसास्थळांत गेलं, म्हणून वाचलं. त्याच जातीचे अनेक सडे मात्र कुणी चिऱ्यासाठी खणले, कुणी त्यांच्यावर गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या. झाड नाही म्हणजे काही नाही, हा हिशेब मुळातच कच्चा आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते तेव्हा पाठ्यपुस्तकातही ‘परिपूर्ण’ परिसंस्था म्हटलं की जंगलाचंच चित्र असायचं. एखाद्या मुलीनं सड्याचं चित्र काढून आणलं असतं तर तिला पूर्ण गुण देण्याची माझी तयारी होती. कुणी आणलं नाही.

११.

कतीरा विकत घेताना तो कुठला आहे ते विचारावं. हा सल्ला स्वयंपाकघरातला आहे, पण त्याचं मूळ झाग्रोसच्या उतारावर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गवनाच्या काही जातींच्या खोडात आणि मुळात चीक तयार होतो, तो वाळला की कतीरा. पेशींच्या भिंतीच विरघळून तो बनतो, पाणी शोषून फुगतो आणि आत दाबाखाली राहतो. इस्फहानच्या पश्चिमेला मी हे काम उन्हाळ्यात पाहिलं. माणूस झुडपाच्या बुडाजवळची माती उकरतो, मुळाचा वरचा भाग उघडा करतो आणि लहान सुरीनं चीर देतो. दाबामुळे चीक आपोआप बाहेर पडायला लागतो, चिरेच्या आकाराची पट्टी होऊन वळत वळत येतो. काही दिवसांनी परत येऊन वाळलेल्या पट्ट्या गोळा करायच्या. पांढऱ्या, अर्धपारदर्शक, तारेसारख्या पट्ट्यांना मफ्तूली म्हणतात, तो उत्तम माल. पिवळट पापुद्र्यांचा तो खरमनी. काही जण जास्त चीक यावा म्हणून झुडपाचा वरचा भाग जाळतात, आणि मग त्या झुडपाचं आयुष्यच आखूड होतं. मला भेटलेला कारागीर एका झुडपाला चीर दिली की पुढची काही वर्षं त्याच्याकडे वळत नसे. कोणतं झुडूप कधी चिरलं याची त्याच्याकडे वही नव्हती, सगळं डोक्यात. दिवसभर वाकून मिळालेला माल मूठ-दोन मुठी. त्याची मुलं शहरात गेली होती आणि ती परत येऊन हे काम करतील असं त्याला वाटत नव्हतं.

हा चीक दोन हजार वर्षांहून जुना व्यापारी माल आहे, ग्रीक थिओफ्रास्टसनं त्याच्याबद्दल लिहून ठेवलं. आज तो आइस्क्रीम, सॉस, औषधाच्या गोळ्या, कापडावरची छपाई यांत जातो. डब्यावर ई-४१३ दिसलं की तो हा. कागदावर पाण्यात रंग तरंगवून मार्बलिंग करतात, त्या पाण्यालाही यानंच दाटपणा आणतात. याच झाग्रोसमध्ये, खानसारच्या बाजूला, गवनाच्या दुसऱ्या एका जातीवर बारीक कीटक गोड थेंब सोडतात. झुडपाला काठीनं हलकेच ठोकून ते चामड्यावर झेलतात. इस्फहानची गझ ही मिठाई मुळात त्या थेंबांची. दुकानातल्या बहुतेक गझमध्ये आता साखरेचा पाक असतो. डब्यावरचा टक्केवारीचा आकडा त्यातल्या पिस्त्यांचा, त्या गोड थेंबांचा नव्हे.

आता आपला बाजार. उन्हाळ्यात सब्जाच्या शेजारी मिळतो तो गोंद कतीरा पुष्कळदा इराणी नसतोच. आपल्याच रानातल्या कांडोळाचा किंवा सोनसावरीचा डिंक त्याच नावानं विकला जातो. तोही पाण्यात फुगतो आणि पोटाला काही अपाय करत नाही, तेव्हा घाबरू नये. फक्त किंमत गवनाची देऊ नये. खरा कतीरा पट्टीसारखा, शिंगासारखा चिवट, चव जवळपास नाहीच. कांडोळाच्या डिंकाला जुना झाला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. आणि यातलं काहीही डिंकाच्या लाडवांत घालू नये. ते काम धावड्याच्या किंवा बाभळीच्या डिंकाचं, तो तुपात फुलतो. कतीरा तळला तर नुसताच कडक होतो. रात्री मोठ्या वाटीभर पाण्यात त्याचा चमचाभर चुरा टाका. सकाळी वाटी भरलेली असेल.